मीटरवाल्यासमोर बसलेली माणसं

आई काजूच्या कारखान्यात जायची. काजूच्या टरफलात तेल असतं, ते कातडी जाळतं. दिवसभर बी फोडणाऱ्या बाईची बोटं काळी पडतात, सोलतात, पुन्हा काळी पडतात. शाळेत पालकसभा असली की आई पदराखाली हात घेऊन मागच्या बाकावर बसायची. एकदा आमच्या वर्गशिक्षिकेने सगळ्यांसमोर विचारलं, "सही करायच्या आधी हात धुऊन यायला काय होतं?" आई काही बोलली नाही. मी सातवीत होते, मीही बोलले नाही. त्या बाईंचा राग मात्र अजून माझ्यात ताजा आहे आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

वडील अबुधाबीजवळच्या मुसाफात प्लास्टरचं काम करायचे. दोन वर्षांनी एकदा घरी. एका वर्षी त्यांच्या कंपनीचं काम बंद पडलं, सुट्टी रद्द झाली, आणि आम्ही आख्खा पावसाळा भात आणि सुकटीच्या पाण्यावर काढला. मागच्या पडवीचं छप्पर उडालं होतं. तिथे प्लास्टिक बांधून आई, मी आणि धाकटा भाऊ एका कोपऱ्यात झोपायचो.

बाबा यायचे तेव्हा साबणाच्या वड्या आणि एक ब्लँकेट आणायचे. आणि मीटरवाला आणायचे. म्हणजे असं, की त्यांच्या कामगारांच्या कॅम्पातल्या जेवणाच्या हॉलमध्ये एक टीव्ही होता आणि त्यावर एक जुनी अमेरिकन विनोदी मालिका लागायची. इंग्रजी कुणाला कळत नव्हतं. पण त्या मालिकेत विजेचं मीटर बघायला येणारा एक माणूस होता, त्याला बघायला सगळा हॉल भरायचा. बाबा तो करून दाखवायचे. हातात टॉर्च घेऊन दारातून यायचं, मीटरकडे बघायचं, मग टेबलावरच्या जेवणाकडे, परत मीटरकडे, परत जेवणाकडे, आणि एकदम खुर्ची ओढून बसायचं. आई तोंडावर हात ठेवून हसायची. हात झाकायचे असतात हे तेवढ्यापुरतं ती विसरायची.

आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. बी.ए., इंग्रजी विषय घेऊन, मराठी माध्यमातून जाऊन. हे मी कुणी न विचारता सांगते, आणि सांगत राहणार.

त्या पदवीवर मी अबुधाबीला आले. मोहम्मद बिन झायद सिटीत एका व्हिलात चौघीजणींत एक खोली, आणि नोकरी एका टीव्हीच्या कार्यक्रम बनवणाऱ्या कंपनीत. पदाचं नाव ऑडियन्स कोऑर्डिनेटर. प्रेक्षकांसमोर चित्रीकरण असेल तेव्हा समोरच्या खुर्च्या भरायच्या, हे माझं काम. आमचा प्रोड्युसर मुंबईचा, मराठी घरातला. माझ्याशी मराठीत बोलायला त्याला कमीपणा वाटायचा. मी मराठीत विचारायचे, तो इंग्रजीत नाहीतर हिंदीत उत्तर द्यायचा.

कंपनीने इंग्रजीत एक विनोदी मालिका करायला घेतली. दुबईत राहणाऱ्या मुलीकडे कायमचा राहायला आलेला एक म्हातारा अमेरिकन बाप, आणि त्याच्यामुळे हैराण झालेला जावई. बापाच्या भूमिकेसाठी खास अमेरिकेहून नट आणणार होते. मीटिंगमध्ये प्रोड्युसरने त्याचा जुना फोटो पडद्यावर लावला. टोपी, मिशी, हातात टॉर्च. मी खुर्चीत सरळ झाले. बाबांचा मीटरवाला.

"आज इसको कोई पूछता नहीं," प्रोड्युसर म्हणाला. "एकदम सस्ते में मिल गया."

सगळे हसले. भाजी घेतल्यासारखं बोलला तो. पुढे हेच वाक्य तो त्या नटाच्या तोंडावर, त्याच्या खांद्यावर हात ठेवून, हिंदीत इतरांना सांगायचा. समोरच्याला भाषा कळत नाही म्हणून त्याच्याच देखत त्याची किंमत करायची. ही सवय मी गल्फमध्ये फार बघितली आहे, आणि बहुतेक वेळा अशी किंमत विटा-सिमेंटच्या कामावरच्या माणसांची होते.

त्या नटाला हॉटेलवरून स्टुडिओत आणायचं कामही माझ्याकडेच आलं. सत्तरी ओलांडलेले, उंच, गुडघ्याने जरा अधू. पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगितलं की माझे वडील तुम्हाला मुसाफाच्या कॅम्पात बघायचे.

"त्यांना इंग्रजी येतं?"

"अजिबात नाही."

"मग ते माझे सगळ्यात चांगले प्रेक्षक," ते म्हणाले. "संवाद तसे भिकारच असायचे."

गाडीतल्या त्या अर्ध्या-पाऊण तासात त्यांनी मला त्यांचं आयुष्य सांगितलं, रोज थोडं थोडं, जसं आठवेल तसं. त्यांचं गाव गिरणीचं. वडील लवकरच घर सोडून गेलेले. आई एका हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची, तिच्या मनगटांवर भाजल्याचे डाग असायचे. मी त्यांना माझ्या आईच्या बोटांबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "माझी आई हातमोजे घालून चर्चला जायची. उन्हाळ्यातसुद्धा."

ते कॉलेजात गेले होते, पण एका फिरत्या विनोदी मंडळीबरोबर मधेच निघून गेले. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "चूक केलीत. आधी पदवी घ्यायची, मग कुठे जायचं तिथे जायचं."

"माझी आईही हेच म्हणाली होती. तुझ्यापेक्षा जास्त जोरात."

बरीच वर्षं त्यांना कुणी उभं केलं नाही. झुरळांच्या औषधाची जाहिरात केली, तीही मेलेल्या झुरळाच्या भूमिकेत. मग मीटर बघणाऱ्याचं ते एका दिवसाचं काम मिळालं. दारातून येऊन एक वाक्य बोलून जायचं, बस्स. त्या दिवशी भाड्याने आणलेले बूट पायाला चावत होते, म्हणून चित्रीकरण चालू असतानाच ते खुर्ची ओढून बसले. समोरचे प्रेक्षक जे हसले ते थांबेनात. लेखकांनी त्यांना पुढच्या आठवड्यात परत बोलावलं, मग त्याच्या पुढच्या. पुढे दार उघडायच्या आतच लोक टाळ्या वाजवू लागले. मालिका संपली तेव्हा त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यानंतर काम नाही. जिथे जातील तिथे एकच उत्तर, लोक तुमच्या हातात टॉर्च शोधतील. मग सुपरमार्केटची उद्घाटनं, लोक जेवत असताना टेबलांमध्ये करायची नाटकं. बायको गेली. अबुधाबीहून फोन आला तेव्हा त्यांनी आधी नकाशा बघितला आणि मग हो म्हटलं.

"हे माझं शेवटचं आहे," ते म्हणाले, जसं कुणी गाडी कुठे लावली ते सांगावं तसं. "हे बरं झालं नाही तर माझ्या नावापुढे ती टॉर्चच राहील."

पहिल्या भागाला प्रोड्युसरने स्वतःच्या ओळखीचे पाहुणे बोलावले. इन्स्टाग्रामवर ज्यांचे हजारो चाहते असतात तसले. ते छान कपडे घालून आले, हातात फोन धरून बसले आणि एकदाही हसले नाहीत. स्वतःचेच फोटो काढत होते. म्हातारा माणूस तासन् तास जीव तोडून काम करत होता आणि समोरून दगडाशी बोलल्यासारखं काही परत येत नव्हतं.

प्रोड्युसर मला म्हणाला, "कोई भी लाओ. बस सीट भरनी है."

कोण आणायचं ते मला माहीत होतं. बाबांबरोबर एकाच खोलीत राहिलेले आमच्या शेजारच्या वाडीतले एक काका अजून मुसाफातच होते. त्यांना फोन केला.

"बाय, मीटरवाला खराच हितं आलाय? आमचा मीटरवाला?"

"खरंच आलाय, काका."

"मंग काय सांगतेस? बस पाठव."

आठवड्याची एकच सुट्टी, रविवारची. त्या दिवशी कपडे धुणं, आठवड्याचा स्वयंपाक, गावाला फोन, झोप. ते सगळं सोडून माणसं आली. रत्नागिरीकडची बरीचशी, थोडी बिहारची, एक-दोन केरळची. इस्त्रीचे शर्ट, केसांना तेल. कंपनीने त्यांच्यासाठी एकसारखे राखाडी टी-शर्ट काढून ठेवले होते, "कॅमेरे में आए तो गंदा न लगे" म्हणून. आत सोडलं तेही मागच्या दाराने, जिथून सामान जातं तिथून. काकांनी आपला इस्त्रीचा शर्ट नीट घडी करून मांडीवर ठेवला आणि त्यावर हात ठेवून बसले.

बसायच्या पायऱ्यांवर गालिचा होता. तो बघून सगळ्यांनी बूट बाहेर काढले आणि भिंतीला लावून ओळीने ठेवले. प्रोड्युसरने त्या बुटांचा फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'मंदिर खुल गया'. त्या ग्रुपवर मीही आहे हे त्याला माहीत होतं. हसऱ्या तोंडांची रांग लागली. मी खाली लिहिलं, गालिच्यावर बूट घालून न जाणं याला आमच्याकडे रीत म्हणतात.

समोर एक दिवा होता. तो लागला की हसायचं, असं सगळ्यांना हिंदीत सांगण्यात आलं. मग काय, माणसं दिव्याकडेच बघत राहिली. साइटवर लाल दिवा बघायची सवय. दिवा लागला की सगळे एकदम हसायचे, विझला की एकदम गप्प. नटाकडे कुणाचं लक्षच नाही. पहिला प्रवेश संपल्यावर ते माझ्याकडे आले.

"काय सांगितलंय यांना?"

मी सांगितलं.

"दिवा काढा," ते म्हणाले. मग विजेचं काम करणाऱ्या पोराकडून टॉर्च मागून घेतली आणि पायऱ्यांसमोर आले. भिंतीवरच्या प्लगकडे बघितलं. काकांच्या मांडीवरच्या शर्टाकडे बघितलं. परत प्लगकडे. परत शर्टाकडे. आणि काकांच्या शेजारी खाली बसले.

असा आवाज झाला की वर टांगलेले माईक बघायला ध्वनीवाला धावत आला. काका त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अरे मेल्या, म्हातारा झालास की रे." त्यांना शब्द कळला नाही. थाप कळली असावी, कारण त्यांनीही काकांच्या पाठीवर एक दिली.

पुढच्या प्रवेशात म्हातारा बाप जावयाच्या साहेबासाठी आणलेला केक चोरून खातो, आणि जावई येऊन दरडावतो, हा केक कोणी खाल्ला? इंग्रजी कळायची गरजच नव्हती. रिकामं ताट होतं, म्हाताऱ्याच्या ओठाला क्रीम होतं. जावयाने विचारलं आणि वरच्या पायरीवरून आवाज आला, "बिल्ली ने खाया!"

दुसरा म्हणाला, "हां साब, हमने देखा. काली बिल्ली."

आमच्याकडच्या नमनाला, कोकणातल्या त्या रात्रभराच्या खेळाला, जो बसला आहे त्याला यात काही नवल वाटणार नाही. गौळणीत मावशी अडचणीत सापडली की मांडवातून तिच्या बाजूने कुणीतरी खोटं बोलतंच. तसं बोललं नाही तर खेळ पडला असं समजतात. ही माणसं चोराला वाचवत होती, कारण चोर त्यांचा होता. नटाला हिंदीतलं एक अक्षर येत नाही. ते थांबले, वर बघितलं, जावयाकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, "ऐकलंत ना? साक्षीदार आहेत." जावयाचं काम करणाऱ्याला हसू आवरेना. कॅमेरामन हसत होता.

प्रोड्युसरने चित्रीकरण थांबवलं. आणि त्या दिवशी पहिल्यांदा तो माझ्याशी मराठीत बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "ही काय गावची जत्रा आहे? कुठून उचलून आणलीस ही माणसं?"

माणसं गप्प झाली. रत्नागिरीच्या माणसाला एवढं मराठी कळतं, हे त्याला सांगायची गरज नव्हती. मग त्याने हात झटकला. "खलास. बस बुलाओ. हँसी मशीन से डालेंगे."

जेवणसुद्धा न देता त्यांना परत पाठवलं. काका बसमध्ये चढताना म्हणाले, "आमचं काय चुकलं असंल तं माफ कर, बाय." चूक कुणाची आणि माफी कोण मागतंय.

पुढच्या रविवारी पायऱ्या रिकाम्या होत्या. नट मेकअपच्या खोलीत बसले ते उठेनात. प्रोड्युसरने मला बाजूला घेतलं. "तुझं ऐकतो तो. जाऊन समजाव. आणि तुझा व्हिसा कंपनीचा आहे, हेही डोक्यात ठेव." हेही मराठीत. धमकी द्यायला त्याला मातृभाषा बरी आठवली.

मी आत गेले. विचारलं, "मशीनचं हसू नको का म्हणता?"

ते म्हणाले, "माझ्या मालिकेची शेवटची दोन वर्षं कंपनीने प्रेक्षक बंद केले होते. सगळं हसू मागून भरायचे. मी चांगलं केलं की तेवढंच हसू, वाईट केलं की तेवढंच. दोन वर्षं मी वाईट काम करत होतो आणि मला कळलं नाही. मला कुणी सांगितलंच नाही. त्या दिवशी ती माणसं मला सांगत होती."

मी बाहेर आले आणि म्हटलं, "मी त्यांना समजावणार नाही. ते बरोबर आहेत."

"तू कोऑर्डिनेटर आहेस. लेखक नाहीस, डायरेक्टर नाहीस."

"हो. माणसं आणणं माझं काम आहे. मी आणली होती, तुम्ही हाकललीत. बी.ए.ला मला कुणी माणसं हाकलायला शिकवलं नाही."

"उद्या तिकीट काढतो तुझं."

"काढा. पण आज ते बाहेर येणार नाहीत आणि मीही त्यांना आणणार नाही."

व्हिसा गेला तर घरी काय सांगणार होते? आईला काय तोंड दाखवणार होते? पण पालकसभेत मी गप्प बसले होते, तेव्हा लहान होते. आता तेही कारण नव्हतं.

स्टुडिओ दिवसाच्या भाड्याने घेतलेला. दिवे लागलेले, सगळे लोक रिकामे, कुणी बिर्याणी खातंय, कुणी झोपलंय. प्रोड्युसर दर थोड्या वेळाने मेकअपच्या खोलीचं दार वाजवायचा आणि आतून एकच उत्तर यायचं, "माणसं आली का?" दुपार कलली तेव्हा तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला, माझ्याकडे न बघता. "यल्ला, चलो, बुलाओ. लेकिन टी-शर्ट पहनेंगे और मुँह बंद रखेंगे."

"नाही," मी म्हटलं. "आपापले कपडे घालून येतील. पुढच्या दाराने येतील. सगळे जेवतात तिथे जेवतील. कधी हसायचं आणि काय बोलायचं ते त्यांना कुणी सांगणार नाही. हे कबूल असेल तर फोन करते."

त्याने हात उडवला. तोच होकार समजायचा होता.

काका फोनवर लगेच हो म्हणाले नाहीत. मागून प्रेशर कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. "परत गप बसवनार आसतील तं नाय यायचं, बाय. हितं रोज गपच बसतो आमी."

"कुणी गप्प बसवणार नाही. मी दारात उभी आहे."

ते आले. कुणाचे केस ओले, कुणी अर्धा स्वयंपाक शेजाऱ्यावर टाकून आलेला. पुढच्या दारातून आले, गार्डने नाव विचारलं तेव्हा मी म्हटलं, पाहुणे आहेत. नट स्वतः उठून बाहेर आले आणि काकांचा हात धरून त्यांना पहिल्या पायरीवर बसवलं. त्या दिवशी माणसं बोलली, भांडली, जावयाला नावं ठेवली. नटाचा एक प्रसंग खरोखर पडला तेव्हा कुणीच हसलं नाही. ते थांबले, मान हलवली, पुन्हा केला, वेगळा. मग माणसं हसली.

प्रोड्युसर म्हणत होता फक्त या आठवड्यापुरतं. पण एडिटिंगच्या खोलीत बसलेल्यांनी त्या दिवसाचं काम बघितलं आणि पुढच्या रविवारची बस कुणी रद्द केली नाही, त्याच्या पुढचीही नाही. माझं तिकीट कुणी काढलं नाही. नंतर एका मुलाखतीत प्रोड्युसरने छाती काढून सांगितलं, कष्टकरी माणसांना प्रेक्षक म्हणून आणायची कल्पना पहिल्यापासून आपलीच होती. ते वाचून मला आलेला राग मी गिळला नाही. त्याच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, "सर, हे खोटं आहे." तो म्हणाला, "सो व्हॉट?"

काही नाही. मालिका पूर्ण झाली आणि लागली. तिच्यात मशीनचं हसू कुठेही नाही, पहिल्या भागात तर कुठलंच नाही. त्या नटाने आपल्या शेवटच्या मालिकेचा दुसऱ्या भागापासून शेवटपर्यंतचा प्रत्येक भाग जिवंत माणसांसमोर केला, आणि ऐकू येणारं प्रत्येक हसू मुसाफातून आलेल्या माणसांचं आहे.